धाकटी रोज काय करते

इंग्रजीत बारा काळ असतात म्हणे. रोजबाई त्यांतला एकच शिकवायच्या, साधा वर्तमानकाळ. बाकीचे अकरा रिकामटेकड्या लोकांनी रिकामटेकड्यांसाठी काढलेत असं त्यांचं ठाम मत होतं. "काल काय केलंत ते ऐकून कुणी नोकरी देतं का?" त्या पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांना विचारायच्या. "आणि उद्या काय करणार ते तुमचं तुम्हाला तरी ठाऊक आहे का? नाही ना? मग रोज काय करता ते बोला. रोज! रोज!" हे 'रोज' त्या इतक्या तारस्वरात म्हणायच्या, की खालच्या सायकल दुरुस्तीवाल्याने त्यांचं नाव रोजबाई ठेवलं आणि सगळ्या गल्लीने ते उचललं. त्यांना ते आवडत नव्हतं, पण कुणी तशी हाक मारली की त्या ओ द्यायच्या.

पूर्वी त्या मालवाहतुकीच्या एका कचेरीत टंकलेखनाला होत्या. दिवसभर दुसऱ्यांची इंग्रजी पत्रं बडवायच्या. एके दिवशी कामावर गेल्या तर दाराला टाळं आणि मालकाचा पत्ता नाही. त्या तणतणत घरी आल्या, बाहेरच्या खोलीत भिंतीला फळा ठोकला आणि त्याच रागाच्या भरात शिकवणी सुरू केली. पहिला विद्यार्थी नळवाला. त्याला एका मोठ्या इमारतीत कायमची नोकरी हवी होती आणि तिथले साहेब इंग्रजीशिवाय बोलत नव्हते. रोजबाईंनी त्याला फक्त रोजचं काम सांगायला शिकवलं, 'आय रिपेअर पाइप्स, आय चेक द टँक,' आणि नळवाला चिकटला. तेव्हापासून रोजबाईंना वाटायला लागलं की आपल्याला गुरुकिल्ली सापडली. मग त्यांनी दुसरं काही शिकवलंच नाही, आणि कुणी शिकवा म्हटलं तर त्याच्या अंगावर धावून जायच्या.

शिकवण्याची पद्धत एकच, ओरडायचं. "ही गो? ही गो? एस कुठे गेला? गिळलास?" असं म्हणत त्या खडू घेऊन बाकांमधून फिरायच्या. परिचारिका, न्हावी, दुकानातले विक्रेते, मोठमोठी माणसं मान खाली घालून बसलेली असायची. एवढं करूनही पुढच्या वाक्याला कुणीतरी 'शी कम' म्हणायचंच, आणि रोजबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या. दिवसातून इतक्या वेळा मारायच्या, की कपाळावर खडूचा पांढरा पट्टा कायमचा.

या पद्धतीचा गाभा होता एक परिच्छेद. रोजबाईंनी तो स्वतःवरच लिहिला होता. 'आय गेट अप अॅट सिक्स. आय मेक टी फॉर माय फॅमिली. आय वॉटर द प्लान्ट्स. आय कुक. आय क्लीन माय हाउस. देन आय टीच इंग्लिश. मेनी स्टुडन्ट्स कम टु माय हाउस. इन द ईव्हनिंग आय रीड. आय अॅम अ हॅपी वूमन.' आधी त्या म्हणायच्या की हा नमुना आहे, तुम्ही आपापलं घाला. पण आपापलं घाला म्हटलं की भलीभली माणसं तोंडात गोळा धरल्यासारखी गप्प बसायची. शेवटी वैतागून त्यांनी सांगितलं, हाच घोका. फक्त 'टीच इंग्लिश'च्या जागी स्वतःचा धंदा घाला, आणि पुरुषांनो, शेवटी मेहेरबानी करून 'मॅन' म्हणा.

विद्यार्थ्यांनी तो घोकला, आणि असा घोकला की विचारू नका. 'प्लान्ट्स' म्हटल्यावर रोजबाई घसा खाकरायच्या, ती त्यांची जुनी सवय. तर सगळा वर्ग त्या ठिकाणी घसा खाकरून पुढे जायचा. न्हाव्याने मुलाखतीतही खाकरलं. एका दवाखान्यात या शिकवणीतून तीन जणी लागल्या, तिघींनी आपण झाडांना पाणी घालतो असं सांगितलं, आणि तिथल्या साहेबांनी कौतुकाने तिघींनाही आवारातल्या बागेकडे लक्ष द्यायला सांगितलं. त्या तिघी रोजबाईंवर अजून दात धरून आहेत.

हे सगळं भिंतीपलीकडून ऐकत होती धाकटी.

धाकटी म्हणजे रोजबाईंची धाकटी बहीण. तिचा नवरा एक दिवस कामासाठी म्हणून दुसऱ्या गावी गेला आणि तिथेच दुसरा संसार मांडून बसला. तेव्हा धाकटी 'थोडे दिवस राहीन, ताई' म्हणून आली. घरात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आतल्या खोलीत रोजबाई आणि त्यांचे यजमान. यजमान पाणीपुरवठ्याच्या पंपावर पाळीने कामाला होते आणि घरात कमीत कमी बोलायचे. बाहेरच्या खोलीत शिकवणी. म्हणजे धाकटी शिकवणीतच झोपायची. रात्रीचा वर्ग सुटला की बाक भिंतीला लावायचे, गादी पसरायची. सकाळचा पहिला विद्यार्थी जिना चढायच्या आत गादी गुंडाळून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवायची. अंगात ताप असला तरी वर्ग असेतोवर आडवं व्हायची सोय नव्हती. ती स्वयंपाकघरात पाटावर बसून राहायची, भिंतीला डोकं टेकून. थोडे दिवस म्हणता म्हणता धाकटीचे केस पांढरे झाले, पण ही व्यवस्था बदलावी असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. रोजबाईंच्या तर नाहीच नाही.

मग एका परिचारिकेने जाता जाता बातमी दिली. गावाबाहेरच्या शाळेत मुलींचं वसतिगृह आहे, तिथे स्वयंपाकघर आणि मुलींची देखरेख बघायला बाई हवी आहे. मुली देशोदेशीच्या, म्हणून इंग्रजी बोलता आलं पाहिजे. आणि राहायला स्वतंत्र खोली मिळते.

"मी जाऊ?" धाकटीने संध्याकाळी विचारलं.

रोजबाई हसल्या. "तुला इंग्रजी येतं का?"

"येतं की. तुझं सगळं ऐकलंय मी."

"ऐकून इंग्रजी आलं असतं तर खालचा सायकलवाला वकील झाला असता." रोजबाईंनी विषय तिथेच संपवला, आणि चहा गार झालाय म्हणून कप पुढे सरकवला. धाकटीने तो गरम करून आणला. दोन दिवसांनी ती कुणाला न सांगता मुलाखतीला जाऊन आली.

हे रोजबाईंना कळलं ते टेलिफोनवरून. भर वर्गात घंटी वाजली. वसतिगृहाच्या मुख्य बाई बोलत होत्या, अगदी स्वच्छ इंग्रजीत. त्यांचं म्हणणं असं, की एक इंग्रजीची शिक्षिका आमच्याकडे स्वयंपाकघराच्या कामासाठी आली होती. उच्चार चांगले, वाक्यं बिनचूक. ती सांगते की तिच्या घरी पुष्कळ विद्यार्थी इंग्रजी शिकायला येतात. मग तिला ही नोकरी कशाला हवी? काही भानगड तर नाही ना? शिवाय दुसरा कुठलाही प्रश्न विचारला की ती पुन्हा 'आय गेट अप अॅट सिक्स'पासून सुरू करते, आणि मधेच खोकते. तिला दमा आहे का?

रोजबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेलिफोनवर त्यांनी जमेल तसा खुलासा केला. पलीकडे मुख्य बाई हसत सुटल्या, आणि ते हसणं रोजबाईंना जास्त झोंबलं. सोमवारी तिला पुन्हा पाठवा, मुख्य बाई म्हणाल्या, आणि तिला शिकवणाऱ्या तुम्हीही बरोबर या. जिला स्वतःचा दिवस सांगता येत नाही, तिच्या हाती एवढ्या मुलींचा दिवस कसा द्यायचा, ते मला बघायचंय.

वर्गाला सुट्टी देऊन रोजबाई स्वयंपाकघरात शिरल्या. "माझी अब्रू घालवून आलीस! मी शिक्षिका आहे म्हणून सांगितलंस?"

"मी कुठे सांगितलं? परिच्छेदात आहे ते."

"अगं, तिथे स्वतःचा धंदा घालायचा असतो! दगडालाही कळलं असतं!"

"मला धंदा कुठे आहे, ताई?" धाकटी भांडी विसळत म्हणाली. "काय घालायचं ते सुचेना, म्हणून तुझाच ठेवला."

रोजबाईंनी एवढंच जाहीर केलं, की सोमवारपर्यंत रोज संध्याकाळी शिकवणी होईल आणि या घरातलं कुणी नापास होऊन येणार नाही. तसं म्हणताना त्यांना खरोखर तसंच वाटत होतं.

पहिल्या संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. यजमान कोपऱ्यात स्टुलावर बसून बुटांना पॉलिश करत होते.

"हं. व्हॉट डू यू डू एव्हरी डे?"

"आय गेट अप अॅट सिक्स."

"तू सहाला उठतेस?"

"नाही गं. पाचला. भाऊजींची पहिली पाळी असली की त्याच्याही आधी, डबा असतो ना."

"मग फाइव्ह म्हण."

"पण रोज पाच नाही ना, ताई. रोज म्हणजे रोज, असं तूच ओरडतेस. खोटं कसं सांगू?"

"युजुअली म्हण! युजुअली! म्हणजे बहुतेक वेळा."

"बहुतेक वेळा म्हणजे किती वेळा?"

रोजबाईंनी खडू टेबलावर आपटला. त्याचे दोन तुकडे झाले आणि एक तुकडा यजमानांच्या बुटात जाऊन पडला. एवढ्या वर्षांत असा विद्यार्थी त्यांना भेटला नव्हता. नळवाला बिचारा सांगितलं तसं म्हणायचा. ही बया प्रत्येक वाक्याला उलटतपासणी घेत होती. पडदे रोज झटकते की नाही, शनिवारी झटकत नाही, मग ते सांगायचं की नाही? रोजबाईंच्या नाकी नऊ आले.

"बरं, पुढे चल."

"आय मेक टी."

"हे माझंच वाक्य झालं. परिच्छेदातलं नको. तुझं सांग."

"वाक्य तुझं आहे," धाकटी म्हणाली. "चहा मी करते."

धाकटीच्या आवाजात टोमणा नव्हता, त्यामुळे भांडायलाही काही धरता येईना.

"तीच करते," कोपऱ्यातून यजमान म्हणाले. आठवड्याभरातलं त्यांचं हे पहिलंच बोलणं असेल, आणि ते नेमकं आत्ताच तोंडातून निघावं!

"तुम्ही बूट पुसा!" रोजबाई कडाडल्या. "कोण करतं ते मला माहीत आहे. ते उदाहरण असतं. व्याकरणात उदाहरण देतात, त्याची कुणी चौकशी लावत नाही. आणि रविवारचा स्वयंपाक तर मीच करते."

"रविवारी तू भाजी चिरून देतेस," धाकटी म्हणाली. "कधीकधी. याला काय म्हणायचं? समटाइम्स?"

रोजबाई तरातरा उठून गॅलरीत गेल्या. निदान झाडांना तरी आपणच पाणी घालतो, असं त्यांना पक्कं वाटत होतं. गॅलरीत जाऊन बघतात तर तिथे त्यांनी कधी न पाहिलेली झाडं. तेलाच्या डब्यात टोमॅटो लागले होते. फुटक्या बादलीत पुदिना माजला होता. त्यांनी लावलेली शेवंती कुठेच नव्हती, ती कधी गेली त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी एक वाळकं पान खुडलं, तर ते वाळकं नव्हतंच, त्या झाडाची पानंच तशी तांबूस होती. खाली सायकलवाला वर बघत होता. त्याच्यावर डोळे वटारून त्या तिथेच कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

परिच्छेदातली जी वाक्यं खरी नव्हती ती त्यांनी मनातल्या मनात पुसून बघितली. उरलं ते असं, मी शिकवते आणि विद्यार्थी येतात. त्यांना भयंकर राग आला. कुणाचा आला हे सांगणं कठीण, पण आला एवढं खरं. आणि त्या रागाखाली दुसरंच काहीतरी होतं. धाकटी गेली तर सकाळी दूध कोण घेणार, यांचा डबा कोण करणार, सकाळच्या वर्गाआधी खोली कोण झाडणार? डाळ कुठल्या डब्यात असते, हेही आपल्याला ठाऊक नाही. नापास झाली तर बरं, असं त्यांच्या मनात स्वच्छ येऊन गेलं. आल्याबरोबर त्या इतक्या दचकल्या, की आत जाऊन धाकटीलाच ओरडल्या. "बसलीस काय? म्हण पुढे!"

त्यानंतरच्या संध्याकाळी त्यांनी नेहमीपेक्षा दुप्पट आरडाओरडा केला. शिकवलं नाही असं कुणी म्हणू नये, एवढं शिकवलं. पण शिकवताना त्या मधेमधे सुचवायच्या, "तिथे थंडी फार असेल हां," किंवा "एवढ्या मुली म्हणजे गोंगाट किती!" धाकटी म्हणायची, "असू दे." एकदा रोजबाईंनी सरळच विचारलं, "इथे काय कमी आहे तुला?" धाकटी म्हणाली, "कमी काही नाही गं. मला ती खोली पाहिजे." रोजबाईंना हे उत्तर फार कृतघ्नपणाचं वाटलं आणि त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. धाकटीने ताट झाकून ठेवलं.

सोमवारी दोघी बसने गेल्या. वसतिगृह साधंच होतं, लांब ओसरी, ओळीने दारं, तारेवर वाळत घातलेले गणवेश. मुख्य बाईंच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि एक पाण्याचं पिंप. मुख्य बाई रोजबाईंपेक्षा वयाने लहान होत्या, हेही रोजबाईंना खटकलं.

मुख्य बाईंनी धाकटीला शांतपणे विचारलं, तुम्ही रोज काय करता?

धाकटीने श्वास घेतला. "आय..." म्हणाली आणि थांबली. ओठ हलले, शब्द येईना. परिच्छेद म्हणायला बंदी, आणि स्वतःचं काही जिभेवर चढेना. तिने ताईकडे बघितलं. रोजबाईंनी डोळ्यांनीच दटावलं, युजुअली, युजुअली! धाकटी आणखी गोंधळली. "आय... आय..." एवढंच करत राहिली. तिचे हात पदराशी चाळा करत होते आणि मान खाली जात होती. खोली हातची चालली आहे हे तिला कळत होतं.

मुख्य बाई रोजबाईंकडे वळल्या. तुम्ही सांगता का? त्या इंग्रजीत म्हणाल्या. तुम्ही शिक्षिका, शिवाय सख्ख्या बहिणी, एकाच घरात राहता. तुमची बहीण रोज काय करते?

हा तर रोजबाईंचा हातखंडा. 'शी' आणि 'एस' यांवर त्यांनी हयात घालवली होती. खुर्चीत ताठ बसून त्यांनी सुरुवात केली. "शी गेट्स अप अॅट फाइव्ह. शी मेक्स टी. शी कुक्स. शी क्लीन्स. शी वॉशेस क्लोद्ज." सगळे एस जागच्या जागी होते. मुख्य बाईंनी मान हलवली आणि विचारलं, मग?

मग काय? रोजबाईंना आठवेना. कपडे धुतल्यावर धाकटी काय करते? त्या वेळी तर वर्ग असतो. "शी... रेस्ट्स," त्या म्हणाल्या. "शी स्लीप्स इन द आफ्टरनून."

"कधी जेवते ती?" मुख्य बाईंनी सहज विचारलं.

रोजबाईंना तेही सांगता येईना. ताटावर आपल्याबरोबर ती कधी बसलेली आठवत नव्हती. कान गरम झाले. हे काय विचारणं झालं का? स्वयंपाकघराच्या कामाचा आणि हिच्या जेवणाचा काय संबंध? या बाईला नोकरी द्यायची आहे की उलटतपासणी घ्यायची आहे? "शी ईट्स विथ अस," त्यांनी ठोकून दिलं.

"नो," धाकटी म्हणाली.

दोघीही तिच्याकडे बघायला लागल्या. धाकटीची मान वर आली होती. तिचे कान लाल झाले होते, नाकपुड्या फुगल्या होत्या. रोजबाईंनी तिला इतक्या वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं. धाकटी चिडली होती.

"नो, ताई. काय सांगतेस तू? आय डोन्ट स्लीप इन द आफ्टरनून! हाउ आय स्लीप? व्हेअर? युवर स्टुडन्ट्स सिट इन माय रूम!" मग ती मुख्य बाईंकडे वळली आणि तिचा बांधच फुटला. "आय ईट आफ्टर ऑल. आय ईट स्टँडिंग, निअर द स्टोव्ह. टीचर शाउट, स्टुडन्ट्स लाफ, आय क्लोज द डोअर स्लोली. आय नो विच स्टुडन्ट इज हंग्री, आय गिव्ह ब्रेड. सिस्टर डोन्ट नो. भाऊजी कम फ्रॉम पंप, व्हेरी टायर्ड, आय हीट वॉटर. सिस्टर फरगेट टी, आय हीट टी. अगेन फरगेट, अगेन आय हीट. एव्हरी डे! एव्हरी डे! आय आस्क नथिंग. सिस्टर डोन्ट सी!"

"डझन्ट," रोजबाई बोलून गेल्या.

त्यांना तोंड आवरलं नाही. मुख्य बाईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं, अगदी वर्गातल्या द्वाड पोराला करावं तसं, आणि रोजबाई गप्प झाल्या. धाकटी पुढे बोलत राहिली. कुठलं झाड सावलीत ठेवते, दूध नासलं तर काय करते, कुठल्या विद्यार्थ्याची आई आजारी असते. निम्म्या वाक्यांची मोडतोड होती, पण अडलं म्हणून ती कुठे थांबली नाही. एवढी वर्षं एका घरात काढून रोजबाई हे सगळं पहिल्यांदा ऐकत होत्या, आणि तेही परक्या भाषेत, परक्या बाईच्या टेबलासमोर. त्यांना लाज वाटली. उठून निघून जावंसं वाटलं, पण जाणार कुठे?

धाकटी थांबली तेव्हा तिला धाप लागली होती. मुख्य बाईंनी पिंपातून पाणी काढून स्वतः तिच्या पुढे ठेवलं. मग रोजबाईंना म्हणाल्या, यांना इथे ठेवून घ्यायला तुमची काही हरकत?

आता हरकत घ्यायला जागा होती. हिची तब्येत बरी नसते म्हणता आलं असतं, घरी अडचण आहे म्हणता आलं असतं, आणि दोन्ही अगदीच खोटं ठरलं नसतं. रोजबाईंनी धाकटीकडे बघितलं. धाकटी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून त्यांच्याचकडे बघत होती आणि अजिबात विनवत नव्हती.

"नाही," रोजबाई म्हणाल्या. "घ्या तिला." मग त्यांच्या लक्षात आलं की आपण हे इंग्रजीत बोललोच नाही. पण मुख्य बाईंना कळलं होतं.

एका मुलीला खोली दाखवायला पाठवलं. ओसरीच्या टोकाला, जिन्याजवळ, लहानशी खोली. लोखंडी खाट, एक कपाट, उघड्या खिडकीबाहेर भिंत. उजेड बेताचाच. रोजबाईंनी दारातूनच नाक मुरडलं. "ही खोली? यात वारा तरी येतो का? आणि गादी बघ, केवढीशी आहे. मी सांगते तुला, आधी त्यांच्याकडे पंखा मागून घे..."

धाकटी आत गेली. खाटेवर हात फिरवला, कपाट उघडून बंद केलं. मग वळून दाराशी आली. रोजबाईंना वाटलं, निघायचं. धाकटीने दार लोटलं, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

रोजबाई बाहेर उभ्या. सोबतची मुलगी त्यांच्याकडे बघायला लागली. बहिणीने आपल्या तोंडावर दार लावलं, या मुलीसमोर! रोजबाईंचा पारा चढला. बसची वेळ होत आली होती, संध्याकाळचा वर्ग होता, सामान आणायला पुन्हा यायचंच होतं. ही काय वेळ झाली दारं लावायची? त्यांनी दार ठोठावायला हात उचलला.

आत खाट करकरली. कुणीतरी आडवं झालं होतं. भर दुपारी.

रोजबाईंचा हात तसाच राहिला. आपल्या घरात धाकटीला लावायला स्वतःचं एक दार नव्हतं. हे त्यांना आत्ता, इथे, दुसऱ्यांच्या ओसरीवर उभं राहून कळत होतं, आणि त्याचं काय करायचं ते सुचत नव्हतं. रडू येतंय की काय असं वाटून त्या स्वतःवरच वैतागल्या.

"हाक मारू का त्यांना?" मुलीने विचारलं.

"नको," रोजबाई म्हणाल्या. "पडू दे तिला." आणि जिन्याच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. बस गेली तेव्हाही त्या तिथेच बसून होत्या.